रेटा, वजन आणि कर्ण

पावसाळ्यात वारज्यातल्या फोनांवर एकाच प्रकारचा संदेश फिरत असतो: खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, आता इतके हजार क्युसेक. वारज्यात पाऊस असो की ऊन, नदीकाठच्या लोकांचे लक्ष त्या आकड्यावर असते. कारण इथली मुठा ही धरणाखालची मुठा आहे. एनडीए रस्त्याने शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे मागे टाकत आठ-दहा किलोमीटर वर गेले, की खडकवासल्याची भिंत लागते. तिच्या मागे सुमारे दोन टीएमसी पाणी आहे आणि त्याच्याही मागे डोंगरात पानशेत, वरसगाव आणि टेमघर.

ती भिंत उभी राहते ती शाळेतल्या एका गणिताच्या उत्तरावर. पाणी भिंतीला आडवे रेटते. भिंतीचे वजन तिला खाली दाबते. हे दोन जोर एकमेकांशी काटकोन करतात. दोन्ही मिळून एकच जोर धरायचा तर तो केवढा, आणि कोणत्या दिशेने? दहावी-अकरावीतला मुलगा पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन देतो: दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. दुसरा प्रश्न बहुधा एका गुणासाठी शेवटी उरतो आणि घाईत सोडवला जातो. मला वाटते हा क्रम उलटा आहे. या गणिताचा इतिहास मागे जाऊन पाहिला, तर परिणामी बल केवढे यापेक्षा ते कोणत्या दिशेने जाते आणि कुठे पडते, या प्रश्नासाठीच माणसांनी जास्त डोके झिजवले आहे आणि त्याच प्रश्नात चुकल्याची किंमत मोजली आहे.

मागोव्याची सुरुवात लांबीपासून करावी लागते. घराचा पाया आखताना गवंडी दोरीवर एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरपे माप पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला म्हणतो. वारज्यात, माळवाडीत गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या असंख्य इमारतींचे खांब या तीन-चार-पाचावर आखले गेले आहेत. हे ज्ञान फार जुने आहे. आयताच्या कर्णावरचा चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेएवढा असतो, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. तिथे ते यज्ञवेदी दोरीने आखण्यासाठी आले आहे. आर्यभटाने 499 मध्ये पावणेचार अंशांच्या टप्प्याने चोवीस ज्या (साइन) दिल्या. त्यामुळे बाजूंवरून कोन आणि कोनावरून बाजू काढणे ही रोजच्या वापरातली गोष्ट झाली, निदान ग्रह मोजणाऱ्यांसाठी.

मग भास्कराचार्य. 'लीलावती' 1150 ची. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हा अभ्यास आपल्याच मातीत चालला होता. लीलावतीत भुज, कोटी आणि कर्ण यांची अनेक उदाहरणे आहेत. त्यातले एक मला फार महत्त्वाचे वाटते. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकते. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. मोडलेला तुकडा वीस हातांचा. बारा, सोळा, वीस: गवंड्याचे तीन-चार-पाचच, चौपट केलेले.

उदाहरणात वारा आहे, तो वेळूला आडवा रेटतो आणि वेळू उभा आहे. काटकोनातले जोर गोष्टीत हजर आहेत, पण गणितात त्यांना जागा नाही. गणित फक्त लांबीचे आहे. भास्कराचार्यांची यात काही उणीव नाही. वाऱ्याचा जोर लांबीसारखा रेषेने दाखवता येतो, आणि दोन जोरांची बेरीज कर्णाने होते, हे जगात कुठेच कुणी तोपर्यंत नीट सांगितले नव्हते. त्याला आणखी चार शतकांहून अधिक काळ लागला.

एवढा वेळ लागण्याचे कारण आहे. तीन आणि चार लांबीच्या काटकोनातल्या बाजूंचा कर्ण पाच असतो, हे भूमितीने सिद्ध होते. पण तीन किलोचा आणि चार किलोचा जोर काटकोनात लावला, तर त्यांचा मिळून परिणाम पाच किलोचाच का असावा? सात का नाही, साडेपाच का नाही? हे त्रिकोण सांगत नाही. निसर्ग कसा वागतो हे पाहून ते ठरवावे लागते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत ग्रेव्हसँडच्या उपकरणावर मुले दोन कप्प्यांवरून वजने सोडतात, मध्ये तिसरे वजन लावतात, मागच्या कागदावर दोऱ्यांच्या रेघा मारतात आणि समांतरभुज चौकोन जुळतो का पाहतात. पुष्कळांना तो प्रयोग नुसती औपचारिकता वाटतो. खरे तर सगळ्या स्थापत्यशास्त्राच्या मुळाशी असलेली गोष्ट तिथे तपासली जात असते.

ही गोष्ट प्रथम हाती लागली ती पाण्याशी झगडणाऱ्या माणसाला. सायमन स्टेव्हिन ब्रूज गावचा, पुढे हॉलंडमध्ये अभियंता म्हणून राहिला. खालच्या पातळीवरच्या जमिनीतले पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या सुधारणे, बंधारे बांधणे, हे त्याचे काम. 1586 मध्ये त्याने वजनांच्या शास्त्रावर पुस्तक लिहिले. विद्वानांची भाषा लॅटिन असताना ते त्याने मुद्दाम आपल्या डच भाषेत लिहिले. त्यात एक त्रिकोणी ठोकळा आहे, एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावरून चौदा गोळ्यांची माळ टाकलेली आहे. माळ आपोआप फिरत राहू शकत नाही, कारण तसे झाले तर काहीही खर्च न करता अखंड गती मिळेल. मग लांब उतारावरचे जास्त गोळे आणि आखूड उतारावरचे कमी गोळे एकमेकांना तोलतात, आणि किती प्रमाणात तोलतात हे बाजूंच्या लांबीवरून ठरते. एवढ्या साध्या विचारातून उतारावरच्या वजनाचे दोन भाग पडले: एक उताराच्या दिशेने ओढणारा, दुसरा उताराला काटकोनात दाबणारा. त्याच आधारावर पुढे त्याने तिरप्या दोऱ्यांनी टांगलेल्या वजनांचाही विचार केला.

आणि त्याच वर्षी, त्याच माणसाने, पाण्याचा दाब किती हेही सांगितले. पाण्याचा तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, भांडे वर रुंद आहे की अरुंद यावर नाही. उभ्या भिंतीवर पाण्याचा एकूण रेटा किती, हेही त्याने काढले. धरणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की खडकवासल्याचा जलाशय मागे किती किलोमीटर पसरला आहे याच्याशी भिंतीवरच्या रेट्याचा संबंध नाही. भिंतीशी पाणी किती खोल आहे, एवढेच खरे. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. धरणाच्या गणितातले दोन्ही धागे, काटकोनातल्या जोरांची वाटणी आणि पाण्याचा रेटा, 1586 मध्ये एका अभियंत्याच्या टेबलावर होते. दगडी धरणाच्या भिंतीसाठी ते एकत्र विणले जायला मात्र पावणेतीनशे वर्षे गेली.

मधला काळ विद्यापीठांचा आणि अकादमींचा आहे. गॅलिलिओने 1638 च्या पुस्तकात फेकलेल्या वस्तूची आडवी आणि उभी गती वेगवेगळी मोजून कर्णाने जोडली. 1687 या एकाच वर्षी लंडनमध्ये न्यूटनने आपल्या तीन नियमांपाठोपाठ पहिल्याच उपसिद्धांतात बलांचा समांतरभुज चौकोन मांडला, आणि फ्रान्समध्ये पिएर व्हारिन्याँ आणि बर्नार लामी यांनी तोच नियम आपापल्या वाटेने छापला. व्हारिन्याँचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1725 मध्ये आला. पुढच्याच वर्षी डॅनिएल बर्नुलीने हा नियम अनुभवाच्या मदतीशिवाय, शुद्ध तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. तो वाद शतकभर चालला. अभियंत्यांना वादाचे सोयरसुतक नव्हते, त्यांना रेघ मारायची होती.

मराठी मुलखात हे गणित आले ते लष्करी अभियंत्यांबरोबर. 1820 च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्विस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुण्यात 1854 मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करायला. आजचे सीओईपी ते हेच. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेतून 1883 मध्ये परीक्षेत पहिले येऊन बाहेर पडले. तोवर संस्थेपासून काही कोसांवर, वारज्याच्या वरच्या अंगाला, मुठेवर भिंत उभी राहून चार वर्षे झाली होती.

कर्नल फाइफ यांच्या आराखड्याने 1860 च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले, 1879 मध्ये संपले. जलाशयाचे नाव पडले लेक फाइफ. चुन्यात बांधलेली दगडी भिंत, पायापासून उंची सुमारे 33 मीटर, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. भारतातल्या पहिल्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे एक. त्या वेळी अशी भिंत केवढी जाड असावी याचे उत्तर जगातच नुकते तयार होत होते. फ्रान्समध्ये साझिली या अभियंत्याने 1853 मध्ये पहिल्यांदा भिंतीतला दाब मोजून तिचा छेद ठरवण्याची पद्धत सांगितली होती. त्याच विचारावर 1866 मध्ये फ्युरान्स नदीवर पन्नास मीटरांहून उंच धरण पुरे झाले. खडकवासल्याच्या भिंतीची उभारणी कुणी कोणत्या कोष्टकावरून केली, हे सांगत बसण्यापेक्षा एक नोंद पुरेशी बोलकी आहे: पुढे या भिंतीला खालच्या अंगाने मातीचा भराव घालून आधार दिला गेला. बांधणाऱ्यांनाच तिच्या जाडीविषयी पुरती खात्री नव्हती.

आणि नेमक्या याच वर्षांत, या भिंतीचे काम चालू असताना, दगडी धरणाचा सर्वांत महत्त्वाचा नियम लिहिला गेला. तो लिहिला गेला मुंबईसाठी. मुंबईला पाणी अपुरे पडत होते. महापालिकेचे अभियंता कॅप्टन टुलॉक यांनी ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांना दगडी धरणांच्या आराखड्याबद्दल सल्ला विचारला. रँकिन यांचा अहवाल 1872 मध्ये 'द इंजिनिअर' या लंडनच्या साप्ताहिकात छापून आला. त्याच वर्षाच्या शेवटी रँकिन वारले. जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आजही शिकवला जाणारा हा नियम मुंबईच्या तहानेतून निघाला, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही. तो व्हायला हवा.

रँकिन यांचा विचार असा. दगड आणि चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून भिंतीच्या कोणत्याही थरात ताण निर्माण होता कामा नये. त्यासाठी परिणामी बलाची रेषा त्या थराच्या रुंदीच्या मधल्या तृतीयांशातूनच गेली पाहिजे. धरण भरलेले असताना, आणि रिकामे असतानाही. मधल्या तृतीयांशाच्या बाहेर रेषा गेली, की एका कडेला दाब वाढतो आणि दुसरी कड उघडू पाहते.

हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. खडकवासल्याची भिंत न घेता एक साधी, सोयीची भिंत घेऊ. उंची 30 मीटर, माथा 4 मीटर रुंद, पाया 18 मीटर रुंद, पाण्याकडची बाजू उभी. दगडी बांधकाम घनमीटरला 2.4 टन. सगळा हिशेब भिंतीच्या एक मीटर लांबीपुरता. छेदाचे क्षेत्रफळ 330 चौरस मीटर, म्हणून वजन 792 टन. हे वजन पाण्याकडच्या कडेपासून 6.24 मीटरांवर खाली येते. पायाचा मधला तृतीयांश 6 मीटरपासून 12 मीटरपर्यंत. म्हणजे धरण रिकामे असताना रेषा आत आहे, जेमतेम.

आता पाणी माथ्यापर्यंत भरा. रेटा म्हणजे खोलीच्या वर्गाची निमपट: 450 टन. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, 10 मीटरांवर, आडवा लागतो. परिणामी बल 792 आणि 450 यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ: 911 टन. शाळेतले उत्तर इथे संपते, भिंतीचे उत्तर इथून सुरू होते. उभ्या रेषेशी कोन किती? टॅन म्हणजे 450 भागिले 792, 0.568. कोन 29.6 अंश. आणि हाच टॅन पुढचे काम करतो. परिणामी बलाची रेषा 10 मीटर खाली उतरताना 10 गुणिले 0.568, म्हणजे 5.68 मीटर पुढे सरकते. 6.24 मध्ये 5.68 मिळवा. रेषा पायावर 11.92 मीटरांवर पडते. मधल्या तृतीयांशाची हद्द 12 मीटरांची. आठ सेंटिमीटर आत! रँकिन यांच्या दोन्ही अटी पुऱ्या करणारी ही भिंत आहे, पण तिच्याजवळ शिल्लक काही नाही.

आता या भिंतीच्या माथ्यावरून 3 मीटर पाणी वाहते असे धरा. भिंतीवरचा रेटा 540 टन होतो. परिणामी बल 911 वरून 959 टन. वाढ पाच टक्क्यांची. फक्त बलाचे मान पाहणारा म्हणेल, पाच टक्के वाढीने काय होते? पण टॅन 0.568 वरून 0.682 झाला, कोन 34.3 अंश झाला, रेट्याची जागाही थोडी वर गेली, आणि रेषा पायावर 13.63 मीटरांवर पडली. मधल्या तृतीयांशाच्या दीड मीटरहून अधिक बाहेर. पाण्याकडच्या कडेला आता दर चौरस मीटरला सुमारे 24 टनांचा ताण येतो, आणि चुन्याच्या बांधकामाने तो सोसावा अशी अपेक्षा धरता येत नाही. बल पाच टक्क्यांनी वाढले, त्याची जागा मात्र सुरक्षिततेच्या हद्दीबाहेर गेली.

1903 च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वतः रचलेले स्वयंचलित दरवाजे बसवले, तेव्हा पाणी सांडव्याच्या मूळ पातळीच्या सुमारे 8 फूट वर कायम साठवता येऊ लागले. भिंत न वाढवता साठा वाढला. हे धाडस त्यांना करता आले ते हिशेबामुळे. मोठ्या पुरात पाणी सांडव्यावरून तेवढे चढतच असे आणि मूळ भिंत त्या चढलेल्या पाण्याला धरून बांधलेली होती. पातळी ओलांडली गेली की दरवाजे आपोआप उघडत. भिंतीला जे आधी अधूनमधून सोसावे लागे, ते आता रोजचे झाले, पण त्याहून जास्त काही लादले गेले नाही. एखाद्या रचनेची हद्द कुठे आहे हे माहीत असलेला माणूसच तिच्याकडून अशी सेवा घेऊ शकतो.

12 जुलै 1961 ला ही हद्द ओलांडली गेली. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम अजून पुरे व्हायचे होते. त्यातले पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात आले. दगडी भिंतीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले. काही तास त्या ब्याऐंशी वर्षांच्या भिंतीने तग धरला, आणि मग तीही फुटली. वारजे, हिंगणे, कर्वेनगर ओलांडून पाणी पुण्यात शिरले, नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पुण्यातल्या जुन्या घरांत अजूनही पानशेतच्या आधी आणि पानशेतच्या नंतर अशी वर्षे मोजली जातात.

वर केलेला हिशेब खडकवासल्याच्या त्या भिंतीचा नाही, हे पुन्हा सांगतो. तिचा छेद वेगळा होता, तिला भरावाचा आधार होता, बांधकाम जुने झाले होते, आणि वरून कोसळणारे पाणी भिंतीच्या पायथ्यालाही खणत असणार. पण दगडी भिंतीवरून पाणी गेले की परिणामी बल कोणत्या बाजूला सरकते, याची दिशा तीच. काही तास भिंत उभी राहिली, त्या तासांत किती लोकांना जीव वाचवता आला असेल! बांधणाऱ्यांनी हिशेबाला जोड म्हणून घातलेल्या प्रत्येक जादा दगडाचे ते ऋण आहे.

एक गोष्ट मात्र फाइफ यांच्या हिशेबात नव्हती, आणि रँकिन यांच्याही नव्हती. ती म्हणजे खालून वर लागणारा पाण्याचा जोर. पाणी भिंतीच्या फटींतून, पायाखालच्या खडकातून आत शिरते आणि भिंतीला उचलू पाहते. 27 एप्रिल 1895 ला फ्रान्समध्ये बुझे इथले दगडी धरण फुटले, वरचा भाग तुटून वाहून गेला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर मॉरिस लेव्ही यांनी या उचल दाबाला हिशेबात स्थान दिले. आपल्याच भिंतीवर तो लावून पाहा. पाण्याकडच्या कडेला पूर्ण दाब, तो कमी होत खालच्या कडेला शून्य, असे धरले तर उचल भरते 270 टन. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! खाली दाबणारे बल उरते 522 टन. टॅन 0.862, कोन 40.8 अंश, आणि उचलीची जागा धरून रेषा पडते 15 मीटरांवर. लक्षात घ्या, यात माथ्यावरून पाण्याचा एक थेंबही वाहिलेला नाही. धरण फक्त भरलेले आहे आणि भिंत आतून ओली झाली आहे. माथ्यावरच्या 3 मीटर पाण्याने रेषा जेवढी बाहेर नेली, त्याहून जास्त न दिसणाऱ्या पाझराने नेली.

म्हणूनच आजच्या धरणांत भिंतीच्या आत गॅलरी असते, पाझर काढून घेणारी छिद्रे असतात, आणि गळती किती लिटर याची नोंद ठेवली जाते. मुठेच्याच वरच्या अंगाला टेमघरच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचे 2016 मध्ये गाजले, आणि मग भिंतीत ग्राउट भरण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्या वेळी चर्चा झाली ती किती पाणी वाया गेले आणि पैसे कुणी खाल्ले याची. दोन्ही प्रश्न योग्यच होते. पण भिंतीतून पाणी गळते याचा पहिला अर्थ परिणामी बलाची रेषा सरकू शकते असा आहे, हे कुणी आपल्याला समजावून सांगितले नाही. समजावून सांगता आले असते, कारण त्यासाठी लागणारे गणित राज्यातल्या प्रत्येक दहावी पास माणसाने एकदा केलेले आहे.

पानशेत आणि खडकवासला दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. 1916 मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी सुरू केलेली संशोधन संस्था, आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा, खडकवासल्यालाच आहे, आणि देशभरच्या धरणांच्या प्रतिकृती तिथे तपासल्या जातात. आज ही रेषा संगणक काढतो. भिंतीचे हजारो तुकडे करून प्रत्येकातला ताण दाखवतो. तरी अनुभवी अभियंता आधी हाताने एक त्रिकोण काढून पाहतो, कारण संगणकाचे उत्तर त्या त्रिकोणाच्या जवळपास आले नाही, तर कुठेतरी आकडा चुकीचा भरला गेला आहे.

बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग 2 मध्ये पायथागोरसचे प्रमेय दुसऱ्या प्रकरणात आहे, त्रिकोणमिती सहाव्यात, आणि बल विज्ञानाच्या पुस्तकात. तिन्ही गोष्टी एका आकृतीत आणणारे उदाहरण वारज्यापासून आठ-दहा किलोमीटरांवर उभे आहे. वारज्यातल्या, शिवण्यातल्या, उत्तमनगरातल्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ही भिंत फळ्यावर काढा. पायाचे तीन समान भाग पाडा. परिणामी बलाचे मान मुलांना काढू द्या, पण गुण द्या ते रेषा पायावर कुठे पडते याला. सुरुवातीला पाणी 27 मीटरांवर घ्या, मग दर मीटरला वाढवत न्या. पहिले उत्तर तपासण्यासाठी देऊन ठेवतो: रेटा 364.5 टन, कोन 24.7 अंश, रेषा पाण्याकडच्या कडेपासून 10.38 मीटरांवर.